डिझेलची ओढ, पेट्रोलचा खर्च आणि मधला व्हाळ

प्रश्न : मी चौकुळला राहतो. काजूची बाग आहे, थोडी भातशेती. आंबोलीत छोटं दुकान आहे, त्यामुळे रोजचं जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर होतं. सावंतवाडीला महिन्यातून एक-दोनदा उतरतो. पावसात बागेची वाट म्हणजे नुसता चिखल आणि मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. अकरा लाखांपर्यंत जुनी फोर बाय फोर थार घ्यायची आहे. 2021 च्या दोन बघितल्या, एक डिझेल, एक पेट्रोल, दोन्ही मॅन्युअल. डिझेलवाला पाऊण लाख जास्त मागतो. गावात सगळे म्हणतात, ‘डिझेलच घे, पेट्रोलला ओढ नसते.’ काय करू?
— काजू बागायतदार, चौकुळ (ता. सावंतवाडी)

उत्तर : ‘पेट्रोलला ओढ नसते’ हे मारुती जिप्सीच्या, म्हणजे जुन्या पेट्रोल जीपच्या, जमान्यातलं वाक्य आहे, आणि तेव्हा ते खरं होतं. 1300 सीसीचं इंजिन, 80 हॉर्सपॉवर, टॉर्क, म्हणजे ओढ, 103 न्यूटन मीटर आणि तोसुद्धा 4500 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला 4500 फेरे फिरल्यावर. चढावर जिप्सी किंचाळेपर्यंत रेस द्यावी लागायची. ती चिखलातून निघायची ती वजन जेमतेम टनभर म्हणून. बाजूने डिझेल जीप धकधक करत, ॲक्सिलरेटरला फारसा पाय न लावता वर जायची. तुमच्या गावातल्या जाणत्या मंडळींच्या डोक्यात तेच बसलंय.

तुम्ही बघितलेली पेट्रोल थार टर्बोची आहे. मॅन्युअलला 300 न्यूटन मीटर टॉर्क, आणि तो 1250 आरपीएमपासून मिळायला लागतो. डिझेललाही 300 च, पण 1600 पासून. म्हणजे खालच्या रेसला पेट्रोलच आधी ओढायला लागते. त्यावर फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) टाकलंत की चाकापाशी इतकी ताकद पोचते की इंजिन कुठलं याने फरक पडत नाही. फरक टायर पाडतात. गुळगुळीत टायरवर डिझेल काय आणि पेट्रोल काय, तांबड्या चिखलात जागच्या जागीच फिरणार.

आता खर्च. पेट्रोल 104 आणि डिझेल 91 रुपये धरू. तुमच्या रस्त्यावर पेट्रोलला नऊ-दहाचं ॲव्हरेज पडेल, डिझेलला बारा-तेराचं. म्हणजे किलोमीटरला पावणेचार रुपयांच्या आसपास फरक. तुमचं महिन्याचं चालणं सहाशे किलोमीटर. महिन्याला बावीसशे रुपये, वर्षाला सव्वीस-सत्तावीस हजार. हे काही थोडे पैसे नाहीत. या हिशोबाने डिझेलचे वरचे पाऊण लाख तीन वर्षांच्या आत वसूल होतात, आणि बहुतेक लोक इथेच कागद घडी करून डिझेल घेऊन येतात.

पण तुमचं आंबोली दहा किलोमीटरवर आहे, आणि गोम तिथेच आहे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ असतो, काजळी अडवणारी जाळी म्हणा. ती भरली की गाडी स्वतःच आत सहाशेच्या आसपास तापमान नेऊन काजळी जाळते. त्यासाठी इंजिन पूर्ण तापलेलं हवं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत पळायला हवी. तुमची गाडी आंबोलीच्या धुक्यात आणि पावसात जेमतेम तापते, तोवर दुकान येतं आणि तुम्ही चावी काढता. जळणं अर्धवट राहतं. असं रोज झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो, पिकअप जातो, आणि शेवटी जाळी काढून साफ करायची नाहीतर बदलायची. नव्या जाळीचं बिल बघितलं की बावीसशेचा हिशोब कुठच्या कुठे जातो.

याची एक खूण डोळ्यांनी बघता येते. गाडी सपाट जागी, इंजिन थंड, डिपस्टिक ओढा, पुसा, परत घालून काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं दिसलं आणि बोटांना पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर समजा की काजळी जाळायला जादा सोडलेलं डिझेल न जळता खाली ऑइलमध्ये उतरतंय. मालक सांगेल, ‘ऑइल आताच भरलंय, जरा जास्त पडलं.’ पडलं असेलही. पण वास खोटं बोलत नाही. आमच्या गॅरेजात अशी गाडी आली की पहिला प्रश्न मी हाच विचारतो : रोज किती लांब जाता? उत्तर बहुतेक वेळा ‘इथल्या इथेच’ असं असतं.

दुसरं, कुणी जाळी आतून पोकळ करून आणि दिवा लागू नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून गाडी विकत असेल तर घेऊ नका. गाडी मस्त पळते, पण नियमात बसत नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विकताना तुम्हालाच तोंड द्यावं लागतं. मागून काळा धूर आणि सायलेन्सरचं तोंड आतून काळंकुट्ट दिसलं तर विचारा. जाळी जागेवर असलेल्या गाडीच्या तोंडात बोट फिरवलं तरी फारसं काळं होत नाही.

म्हणून तुम्हाला माझं मत पेट्रोलचं. तुम्ही आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला जाणारे असता तर मी डोळे झाकून डिझेल म्हटलं असतं.

पेट्रोलही साधं नाही बरं. हे डायरेक्ट इंजेक्शनचं टर्बो इंजिन आहे, ऑइल वेळेवर आणि योग्य ग्रेडचंच लागतं. शिवाय आता पंपावर बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या. ॲव्हरेज थोडं पडतं. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात तळाला गेलेल्या टाकीवर गाडी आठवडाभर उभी ठेवू नका, निम्म्याच्या वर टाकी ठेवा. बघायला जाल तेव्हा फ्युएल लाइनचे रबर पाइप हाताने दाबून बघा, चिरा किंवा मऊपणा नको.

व्हाळाबद्दल. कंपनी 650 मिलिमीटर पाणी चालतं म्हणते, म्हणजे गुडघ्याच्या वर वीतभर, आणि तेही सावकाश. जुन्या जिप्सीचं डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) भिजलं की गाडी खोकायला लागायची, डिझेलला तो ताप नव्हता. तिथूनही ‘पाण्यात डिझेलच’ असं पसरलं. पण एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं तर दोन्ही इंजिनं सारखीच मरतात. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. व्हाळाला लोट आलेला असेल तर छत्री घेऊन चालत जा, काजू कुठे पळत नाहीत.

घेण्याआधी सकाळी मालकाने गाडी सुरू करायच्या आत पोचा आणि बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर परत येतो म्हणून सांगा. मऊ मातीत नेऊन फोर हाय, फोर लो दोन्ही टाकून बघा, डांबरावर नको. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं ऑइल थोडं सोडायला सांगा. चहासारखं दुधाळ निघालं तर गाडी पाण्यात पोहून आली आहे.

प्रश्न : दिल्लीची 2014 ची फॉर्च्युनर फोर बाय फोर डिझेल पुण्यात आणून स्वस्तात मिळते आहे. घ्यावी की पेट्रोल बघावी?
— नोकरदार, पिंपरी

उत्तर : पेट्रोल बघणार कुठे? त्या पिढीची फॉर्च्युनर आपल्याकडे डिझेलच आली. नंतर 2016 पासून 2.7 लिटरचं पेट्रोल मिळू लागलं, पण ते टू व्हील ड्राइव्हला. त्यामुळे प्रश्न फक्त दिल्लीचा.

3 लिटरचं ते इंजिन दणकट आहे, त्याबद्दल मला शंका नाही. स्वस्त मिळते कारण दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादाने 2015 मध्ये मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती कायम ठेवली. पुढे त्यात फेरफार झाले, पण बाजारात त्या गाड्यांचे भाव पडलेलेच. आपल्याकडे असा 10 वर्षांचा नियम नाही. 2029 पर्यंत चालवा, मग आरटीओत तपासणी करून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी. पर्यावरण कर पेट्रोलपेक्षा डिझेलला जास्त लागतो.

पण दिल्लीच्या आरटीओची एनओसी (गाडी बाहेर न्यायला हरकत नसल्याचा दाखला) स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाचाही इसार देऊ नका. इथे आणून कर भरणं, नंबर बदलणं हा खर्च वेगळा. तो धरून भाव करा. दलाल म्हणेल ‘ते मी बघतो’. त्याला म्हणावं, बघ, आणि नंबर आल्यावर पैसे घे. मीटरवर विश्वास नको. पेडलचं रबर, ड्रायव्हरच्या सीटची कड, स्टिअरिंगची झिलई यांवरून गाडी किती चालली ते कळतं.

प्रश्न : जुन्नरला एक जिप्सी आहे, आत डिझेल इंजिन बसवलंय. ॲव्हरेज चांगलं आहे म्हणतात. चालेल का?
— शेतकरी, नारायणगाव

उत्तर : आरसीवर काय लिहिलंय ते आधी बघा. ‘पेट्रोल’ लिहिलेलं असेल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर इंजिन नंबरही जुळणार नाही. अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं, आणि पोलिसांनी अडवलं तर गाडी तिथेच राहते. शिवाय जिप्सीचा पुढचा भाग हलक्या इंजिनासाठी बनवलेला. जड डिझेल बसवलं की पाटे बसतात, गिअरबॉक्सचे माउंट फाटतात. मूळ इंजिनाची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनची) जिप्सी शोधा. 2000 नंतरची मिळते, स्पेअर अजून येतात. ॲव्हरेज वाईट आहे, ते पदरात घेऊनच घ्या.