दक्षिण आफ्रिकेतल्या बॉईज स्कूल: अ‍ॅडमिशन, होस्टेल, मॅट्रिक आणि तुमचे प्रश्न

जून-जुलै आला की इथल्या आणि भारतातून बदली होऊन येणाऱ्या मराठी घरांतून तेच तेच प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले निम्मे कुठल्या तरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या ऐकीव माहितीवर उभे असतात. म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतेय. विचारणाऱ्यांची नावं काढून टाकलीत.

प्रश्न: मिस्टरांची पुण्याहून जोहान्सबर्गला बदली होतेय. मुलगा आठवीत जाईल. या जुन्या बॉईज स्कूल सगळ्या प्रायव्हेट आणि महागड्या असतात ना?

नाही. किंग एडवर्ड (1902), जेपी (1890), डर्बन हायस्कूल (1866), पीटरमॅरिट्झबर्गचं मॅरिट्झबर्ग कॉलेज (1863) आणि केपटाऊनचं एसएसीएस (1829, देशातलं सगळ्यात जुनं हायस्कूल), या सगळ्या सरकारी शाळा आहेत. नावात 'कॉलेज' असलं तरी आठवी ते बारावीच. सरकारी असूनही फी असते, कारण पालकांची गव्हर्निंग बॉडी जादा शिक्षक, मैदानं, कोच यांचा खर्च त्यातून करते, पण उत्पन्नाच्या मानाने फी झेपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो आणि फी भरता येत नाही म्हणून सरकारी शाळा मुलाला नाकारू शकत नाही. प्रायव्हेट म्हणजे हिल्टन (1872), मायकलहाऊस (1896), बिशप्स (1849), सेंट जॉन्स (1898), तिथली गोष्ट वेगळी. हिल्टनची होस्टेलसकट वर्षाची फी तीन लाख रँडच्या पुढे आहे.

आणि वर्ष इथे जानेवारीत सुरू होतं, आठवीचे अर्ज आदल्या वर्षीच होतात. गाउटेंगमध्ये, म्हणजे जोहान्सबर्ग ज्या प्रांतात येतं तिथे, सरकारी शाळांचे अर्ज ऑनलाइनच घेतात, त्याची तारीख एकदा गेली की शाळाही काही करू शकत नाही, उरलेल्या जागांच्या मागे लागावं लागतं. ऑर्डर हातात आली की सामान बांधायच्या आधी शाळेच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल टाका.

प्रश्न: एक एजंट म्हणतो की सरकारी बॉईज स्कूलच्या एन्ट्रन्सची तयारी करून घेतो आणि सीट पक्की करून देतो. पैसे भरू का?

एक रँडसुद्धा देऊ नका. 1996 च्या स्कूल्स अ‍ॅक्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारी शाळेला अ‍ॅडमिशनसाठी कुठलीही परीक्षा घेता येत नाही. म्हणजे जी परीक्षाच नाही तिचा क्लास हा माणूस विकतोय! सीट 'पक्की' करणं तर त्याच्या हातातच नाही, आणि 2024 च्या 'बेला' या शिक्षण कायद्यानंतर प्रवेशाचा शेवटचा शब्द शाळेचाही राहिला नाही, तो प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखाकडे गेलाय. प्रायव्हेट शाळा परीक्षा घेऊ शकतात, पण त्यांचा पेपर कसा असतो ते त्या स्वतःच सांगतात, फोन करून विचारा. "स्पोर्ट्स स्कॉलरशिप मिळवून देतो" म्हणणाऱ्यांनाही हेच लागू. स्कॉलरशिप शाळा देते, पत्र शाळेच्या लेटरहेडवर येतं, आणि त्यात फी, होस्टेल, टूर यातलं नेमकं काय धरलंय आणि मुलाला दुखापत झाली तर पुढे काय, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न: मुलाला एबी डिव्हिलियर्सच्याच शाळेत घालायचंय. इंग्लिश मीडियम आहे.

एबी आणि फाफ डू प्लेसी दोघंही प्रिटोरियाच्या 'अ‍ॅफीज'चे, आणि ती शाळा आफ्रिकान्स मीडियमची आहे, त्यामुळे हा विषय इथेच संपला. क्रिकेटचंच बघायचं असेल तर ग्रॅमी स्मिथ आणि क्विंटन डी कॉक किंग एडवर्डचे, जॉन्टी ऱ्होड्स आणि डेव्हिड मिलर मॅरिट्झबर्गचे, कॅलिस वाइनबर्गचा. पण ही यादी बघून शाळा ठरवू नका, घरापासून अंतर बघा.

प्रश्न: अजून छडीने मारतात का?

1996 पासून कायद्याने बंद आहे, कुणी हात उचलला तर तक्रार करा.

प्रश्न: होस्टेलला शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण रोज उकडलेली भाजी आणि चीज एवढ्यावरच भागवत नाहीत ना, ते आठवड्याचा मेन्यू मागवून बघा.

प्रश्न: माझं सासर केपटाऊनचं, मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी. सासरे म्हणतात, ज्या शाळांनी आम्हाला दारात उभं केलं नाही तिथे नातवाला कशाला घालायचं? काय सांगू त्यांना?

आधी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐका, कारण ते खरं बोलतायत. या शाळा वसाहतीतल्या गोऱ्या मुलांसाठी निघाल्या आणि काही तर शंभर वर्षांहून जास्त काळ तशाच चालल्या. केपटाऊनमध्ये गोरी नसलेल्या मुलांसाठी डॉ. अब्दुल्ला अब्दुरहमान यांच्यासारख्यांना झगडावं लागलं तेव्हा 1912 मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत ट्रॅफलगार हायस्कूल आलं. डर्बनमध्ये भारतीय मुलांचं शास्त्री कॉलेज 1929-30 च्या सुमारास उभं राहिलं, ते श्रीनिवास शास्त्रींच्या खटपटीने. हे शास्त्री म्हणजे गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले, तेव्हा भारत सरकारचे एजंट म्हणून इथे होते.

काही चर्चच्या प्रायव्हेट शाळांनी 1970 च्या दशकात दार किलकिलं केलं. सरकारी शाळा उघडल्या 1990 नंतर, तेही पालकांच्या मतदानाने आणि फी लावून. बॅरी रिचर्ड्स डर्बन हायस्कूलचा आणि हाशिम अमलाही तिथलाच, पण रिचर्ड्स शिकत होता तेव्हा अमलासारख्या घरातल्या मुलाला त्या वर्गात बसणं शक्यच नव्हतं. सिया कोलिसी पोर्ट एलिझाबेथच्या ग्रे हायस्कूलला स्कॉलरशिपवर आला आणि पुढे स्प्रिंगबॉक या देशाच्या रग्बी टीमचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कॅप्टन झाला.

त्यामुळे सासऱ्यांना समजवायला जाऊ नका, त्यांना ओपन डेला सोबत न्या. हॉलमधल्या बोर्डांवर हेडबॉयची नावं वर्षांप्रमाणे लिहिलेली असतात, ती त्यांना स्वतः वाचू द्या. शिक्षकांमध्ये कोण कोण आहे, गव्हर्निंग बॉडीवर कोण आहे, हे त्यांनाच विचारू द्या. उत्तर देताना शाळा अडखळली तर त्यांचं ऐका.

प्रश्न: मुलगा आठवीत होस्टेलला आहे. सीनियर मुलं बॅगा उचलायला लावतात, रात्री चहा करायला उठवतात, एकदा टॉवेलने मारलं म्हणे. त्याचे बाबा म्हणतात, परंपरा आहे, कणखर होईल. टर्म संपेपर्यंत थांबू का?

थांबू नका. आज मेल करा.

हा प्रश्न दर टर्मला येतो आणि दर वेळी शेवटी 'परंपरा' हा शब्द असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. या शाळांची खरी परंपरा मी स्वतः बघितलीय आणि मला ती मनापासून आवडते. हिवाळ्यात शनिवारी सकाळी आठला अंडर-14 ची 'ई' टीम दवाने भिजलेल्या मैदानावर उतरते, म्हणजे ज्यांना धड बॉल पकडता येत नाही ती मुलंसुद्धा शाळेची जर्सी घालून खेळतात, आणि दुपारी फर्स्ट टीमची मॅच सुरू होते तेव्हा अख्खी शाळा ब्लेझर घालून स्टँडमध्ये उभी राहून वॉर क्राय, म्हणजे शाळेच्या घोषणा, देते. हिल्टन आणि मायकलहाऊसची रग्बी मॅच 1904 पासून चालू आहे. आठवीच्या मुलांना शाळेचं गाणं, हाउसची नावं, पहिल्या महायुद्धात डेल्व्हिल वुडला पडलेल्या माजी विद्यार्थ्यांची आठवण, हे सगळं शिकवतात. नव्या मुलाला एखादा मोठा मुलगा नेमून देतात, त्याने या धाकट्याची काळजी घ्यायची असते. हे सगळं उजेडात, मास्तरांसमोर चालतं.

रात्री उठवून चहा करायला लावणं ही दुसरी गोष्ट. धाकट्याने सीनियरची कामं करायची ही रीत इंग्लंडच्या 'पब्लिक स्कूल', म्हणजे तिथल्या जुन्या प्रायव्हेट शाळांमधून इथे आली, आणि इथल्या सरकारने 2002 मध्ये नियम काढून शाळांतल्या असल्या 'इनिशिएशन'वर बंदी घातली. बंदी, म्हणजे हाउसमास्टरच्या मर्जीचा प्रश्नच नाही. जोहान्सबर्गच्या एका नावाजलेल्या बॉईज स्कूलमध्ये 2018 साली वॉटरपोलोच्या असिस्टंट कोचला मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी 23 वर्षांची शिक्षा झाली. प्रकार बाहेर आला तो होस्टेलच्या कॅमेऱ्यामुळे. जिथे बॅग उचलणं, मार खाणं, गप्प बसणं हे सगळं 'चालतंच' म्हणून सोडून देतात, तिथे मुलाला कुठली गोष्ट सांगायची आणि कुठली नाही हेच कळेनासं होतं, आणि वाईट माणसाला नेमकं तेच हवं असतं. बाबांना हे वाचायला द्या.

आता काय करायचं ते. मुलाला घरी आणा, खोदून खोदून विचारू नका, तो जे सांगेल ते तारीख घालून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. हाउसमास्टर आणि हेडमास्टर दोघांनाही एकाच मेलमध्ये लिहा, फोनवर बोलणं झालं तरी मेल हवाच. लेखी उत्तर टाळलं तर गव्हर्निंग बॉडी आणि जिल्ह्याचं शिक्षण खातं. आणि मुलाच्या अंगावर वळ असतील किंवा कुणी नको तिथे हात लावल्याचं तो बोलला, तर शाळेच्या चौकशीची वाट न बघता डॉक्टर आणि पोलीस. अशा वेळी रिपोर्ट करायची शिक्षकांवरसुद्धा कायद्याने सक्ती आहे. चाइल्डलाइनचा 116 नंबर फुकट आहे, मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करा. काउन्सेलरकडे न्यायलाही टर्म संपायची वाट बघू नका.

प्रश्न: मुलाच्या गळ्यात जानवं आणि हातात गंडा आहे. युनिफॉर्ममध्ये चालेल का?

चालायला हवं, पण आधी लेखी परवानगी मागा. डर्बनच्या एका मुलींच्या शाळेने हिंदू मुलीची नाकातली चमकी काढायला सांगितली होती, ते प्रकरण 2007 मध्ये घटनात्मक कोर्टात गेलं आणि कोर्टाने मुलीच्या बाजूने निकाल दिला, की धर्म-संस्कृतीसाठी शाळेने नियमातून सूट द्यावी. रग्बीच्या मैदानावर मात्र सुरक्षेसाठी गंडा काढायला सांगतील, ते ऐका.

प्रश्न: ग्रुपवर सगळे म्हणतात, भारतात आयईबीच चालतं, सरकारी मॅट्रिकला कुणी विचारत नाही. मुलगा नववीत आहे, शाळा बदलू का?

हे ग्रुपवर कोण पसरवतं मला माहीत नाही, पण चूक आहे. मॅट्रिक म्हणजे इथली बारावी, आणि आयईबी म्हणजे बऱ्याच प्रायव्हेट शाळा ज्याची परीक्षा देतात ते मंडळ. दोन्हीकडे मिळतं ते नॅशनल सीनियर सर्टिफिकेटच, आणि दोन्हीवर शिक्का उमलुसी या सर्टिफिकेट देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचाच असतो. नुसत्या ऐकीव गोष्टीवर शाळा बदलू नका.

काळजी करायची तर विषयांची करा, कारण दहावीला निवडलेले विषयच सहसा बारावीपर्यंत राहतात. 'मॅथ्स लिटरसी' म्हणजे मॅथ्स नव्हे, मार्क चांगले पडतील म्हणून शाळेने ते सुचवलं आणि तुम्ही हो म्हणालात तर इंजिनिअरिंगचा रस्ता तिथेच बंद. इथे फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून एकच विषय असतो, त्यामुळे भारतात मेडिकल किंवा इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर दिल्लीच्या असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजला आणि ज्या कॉलेजचा विचार आहे त्यांना विषयांची यादी पाठवून लेखी विचारा. हे नववीच्या तिसऱ्या टर्मच्या आत झालं पाहिजे, विषयांचा फॉर्म त्यानंतर लगेच भरून घेतात.