मॅनेजमेंट कन्सल्टिंग कंपन्या, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना धंदा कसा चालवावा याचा सल्ला विकणाऱ्या, चालतात कशा? नोकरीच्या ऑफरमध्ये मुंबई ऑफिस लिहिलंय, म्हणजे काम मुंबईतच असेल का?

असेलच असं नाही. पत्रावरचं शहर हे तुमचं होम ऑफिस. पगार, बढती, पार्ट्या तिथल्या; काम मात्र जिथे क्लायंट तिथे. मी अशा एका कंपनीत काही वर्षं काढली आहेत. नरिमन पॉईंट किंवा बीकेसीतल्या चकचकीत ऑफिसात बुधवारी डोकावलात तर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसतील. माणसं चाकणच्या एखाद्या कारखान्यात नाहीतर जमशेदपूरला असतात. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री परत, शुक्रवारी होम ऑफिस, अशी जुनी रीत. कोविडनंतर ती सैल झाली, पण मोडली नाही.

क्लायंटकडे एक मीटिंग रूम मिळते, बहुधा बिनखिडकीची. तिथे चार-पाच जण दोन-तीन महिने बसतात: आकडे गोळा करायचे, सुपरवायझरपासून संचालकांपर्यंत सगळ्यांशी बोलायचं, एक्सेल मॉडेल, मग पीपीटी. खरं सांगायचं तर निम्मी उत्तरं क्लायंटच्याच माणसांना ठाऊक असतात. ती एमडीच्या टेबलापर्यंत पोचत नाहीत, एवढंच.

पैशाचं गणित असं. कंपनीकडे ना यंत्रं ना माल. विकायचे ते माणसांचे आठवडे. पार्टनर, म्हणजे कंपनीतला भागीदार, काम आणतो आणि एकाच वेळी अनेक क्लायंट सांभाळतो. प्रोजेक्ट लीडर आणि त्याच्या हाताखालची पोरं मात्र पूर्णवेळ एकाच कामावर. पोरांच्या तासांवर पार्टनरची कमाई उभी, आणि वर जागा थोड्या. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी एक तर बढती, नाहीतर नारळ. याला ‘अप ऑर आउट’ म्हणतात. बाहेर पडणाऱ्याशी संबंध मात्र कुणी तोडत नाही. तो उद्या एखाद्या क्लायंटकडे मोठ्या पदावर बसतो आणि जुन्या कंपनीला काम देतो!

हा साचा वकिली फर्मचा. या धंद्यातली नामांकित मॅकिन्झी १९२६ मध्ये शिकागोत काढली ती हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने, जेम्स मॅकिन्झीने. पण तिला वळण लावलं ते मार्विन बोवर या वकिलाने. बीसीजी, म्हणजे बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप, १९६३ ची, बोस्टनची. तिथूनच फुटून बिल बेनने १९७३ मध्ये बेन काढली.

ॲक्सेंचर किंवा डेलॉइटसारख्यांकडे सल्ल्याबरोबर अंमलबजावणीचंही भरपूर काम असतं. सॉफ्टवेअर बसवायचं असेल तर वर्षभर एकाच जागी राहणं होऊ शकतं.

तेव्हा एचआरला विचारू नका, ते ‘फ्लेक्सिबल’ म्हणतील. त्याच ऑफिसात दोन वर्षं काढलेल्या कुणाला तरी गाठा आणि मागचे तीन प्रोजेक्ट कुठल्या गावी होते ते विचारा. घरी तान्हं मूल किंवा आजारी आईवडील असतील तर स्टाफिंगवाल्यांच्या, म्हणजे कुणाला कुठल्या प्रोजेक्टवर पाठवायचं ते ठरवणाऱ्यांच्या, कानावर पहिल्याच आठवड्यात घाला आणि बँकिंगचं काम मागा. स्टेट बँकेसकट बऱ्याच मोठ्या बँकांची मुख्यालयं मुंबईतच आहेत.