झेंडा, व्हिसा आणि न दिलेली चिठ्ठी

तुम्ही विचारलंत, "अमेरिकेत झेंडा जाळणं गुन्हा नाही म्हणतात, मग ट्रम्प यांच्या आदेशाचं काय? एच-वन बी व्हिसावर येणाऱ्यानं मोर्चाला जावं का? मुलगी चौथीत जाईल." फॉर्म, फी, मुलाखत यांची माहिती दूतावास देतो, ती मी सांगत बसत नाही.

१९८४ मध्ये डॅलसला रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन चालू असताना ग्रेगरी जॉन्सन यांनी झेंडा जाळला. टेक्ससच्या कोर्टानं एक वर्षाची कैद सुनावली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की हे मत मांडणंच आहे, यासाठी शिक्षा करता येणार नाही. त्या पाचांत स्कॅलिया होते, पक्के परंपरावादी. लगेच केलेला नवा कायदाही १९९० मध्ये पडला, आणि २००६ मध्ये झेंडा जाळण्यावर बंदी आणू पाहणारी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये एका मतानं हुकली. आपल्या १९७१ च्या कायद्यात याच कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे मला हे पचायला फार वेळ लागला. आता वाटतं, अमेरिकेचं सगळ्यात मोठं काही असेल तर हे.

ट्रम्प यांच्या ऑगस्ट २०२५ च्या आदेशानं तो निकाल पुसला जात नाही. पण त्यात परदेशी नागरिकांसाठी वेगळं कलम आहे: झेंड्याची विटंबना केली असेल आणि कायद्यात बसत असेल, तर व्हिसा, निवास परवाना, नागरिकत्वाचा अर्ज नाकारा किंवा रद्द करा. तुम्ही झेंडा जाळणार नाही, मीही नाही. पण असं कलम वाचलेला माणूस साध्या मोर्चालाही जात नाही. व्हिसाच्या अर्जात पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात, तिथूनच जीभ आवरायची सवय लागते.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. सवय होते.

शाळेचं मात्र सांगायलाच हवं. टेक्ससात रोज सकाळी दोन झेंड्यांपुढे प्रतिज्ञा म्हणतात, एक देशाचा, एक राज्याचा. मुलगा अकरा वर्षांचा असताना एक दिवस बसून राहिला. बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि मला फोन केला. त्या रात्री मी शोधून वाचलं: मुलांवर ही सक्ती करता येत नाही, हे १९४३ मध्येच ठरलंय. आईवडिलांनी लेखी कळवलं तर टेक्ससातली शाळा मुलाला सूट देते. बाई चुकल्या होत्या. तो राग अजून गेलेला नाही.

पण आमचा ग्रीन कार्डचा अर्ज तेव्हा सहा वर्षं अडकला होता. तीच पगारपत्रकं, तेच बोटांचे ठसे, पुन्हा पुन्हा. मी मुलाला म्हणाले, "उद्यापासून उभा राहा, आपले कागद अडकलेत." तो म्हणाला, "त्यांना कसं कळणार?" कळणार नव्हतंच. कुठल्याही फॉर्ममध्ये शाळेतल्या प्रतिज्ञेचा रकाना नाही. तो दुसऱ्या दिवशी उभा राहिला, आणि नंतर घरी असं काही विचारेनासा झाला.

मोर्चाला जाणं बेकायदा नाही. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, वकिलाला विचारून ठरवा. मुलीला मात्र तुमच्या फाइलची भीती देऊ नका. ती बसून राहिली तर शाळेला चिठ्ठी द्या. मी लिहिली होती, चार ओळींची. ग्रीन कार्डाच्या फाइलमध्ये अजून आहे, खाली सही नाही.