महासंघात गेल्यावर बल्गेरियाचं काय झालं? वाचकांचे प्रश्न

बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय महासंघात गेले. या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी चार निवडले आहेत.

ब्रुसेल्सचा, म्हणजे महासंघाचा, पैसा मिळूनही हे देश झटपट का सुधारले नाहीत? – एक वाचक, नाशिक

कारण पैसा हातात असा पडत नाही. बहुतेक कामांत आधी स्वतः खर्च करायचा, बिलं दाखवायची आणि मग परतावा घ्यायचा. वर स्वतःचा हिस्साही घालायचा. निविदा काढणारी, हिशेब चोख ठेवणारी माणसं नगरपालिकेत नसली की मंजूर निधी पडून राहतो. २००७-१३ या काळात रुमानियाची हीच गत झाली. बल्गेरियात गैरव्यवहारांमुळे २००८ मध्ये युरोपीय आयोगानेच निधी रोखला. खरी टंचाई पैशाची नव्हती, चांगल्या कारकुनांची होती, असं माझं मत आहे.

शेतकऱ्याला फायदा की तोटा? – एक वाचक, सांगली

किती जमीन आहे त्यावर. २००४ मध्ये दहा देश आत आले, तेव्हा त्यांच्या शेतकऱ्यांना पहिल्या वर्षी जुन्या सदस्यांच्या तुलनेत २५ टक्केच थेट अनुदान ठरलं. स्पर्धा मात्र पहिल्या दिवसापासून शंभर टक्के! तरी त्या दहांतल्या पोलंडच्या सफरचंदांनी आणि दुग्धव्यवसायाने बाजार मारला. दोन-तीन गायीवाल्याला मात्र शीतकरण आणि स्वच्छतेचे निकष झेपले नाहीत. नियम अगदी घरात शिरतात: बल्गेरियात घरच्या फळांची राकिया, म्हणजे दारू, गाळून घेतली तर सवलतीचं अबकारी शुल्क कुटुंबामागे वर्षाला ३० लिटरपर्यंतच.

तरुण बाहेर जाऊन पैसे पाठवतात. यात वाईट काय? – एक वाचिका, रत्नागिरी

तुम्ही रत्नागिरीच्या, तेव्हा मनीऑर्डरवर चालणारं घर तुम्हाला वेगळं सांगायला नको. पैसा येतो, घराला नवं छप्पर चढतं, पण शाळेची पटसंख्या घसरत जाते. १९८९ च्या सुमारास बल्गेरियाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या घरात होती. २०२१ च्या जनगणनेत ती पासष्ट लाखांवर आली. सगळं खापर महासंघावर फोडू नका, कारण घटता जन्मदर आणि नव्वदच्या दशकातलं स्थलांतर आधीचंच. पण दारं उघडल्यावर डॉक्टर आणि परिचारिकाही निघाल्या. त्यांच्या शिक्षणाचा खर्च बल्गेरियाचा, सेवा जर्मनीला. याबद्दल महासंघाच्या तिजोरीतून वेगळी भरपाई नाही, आणि मला हे अन्यायाचं वाटतं.

दुसरी बाजूही आहे. २००४ मध्ये पोलंडमधली बेरोजगारी वीस टक्क्यांच्या आसपास होती. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने लगेच दारं उघडली नसती, तर ती माणसं घरीच बसली असती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने तर २०११ पर्यंत कवाडं लावून घेतली होती.

प्रवेशाच्या अटींमुळे उद्योग बंद पडतात का? – एक विद्यार्थी, पुणे

पडतात. कोझलोदुय अणुवीज केंद्रातल्या क्रमांक ३ आणि ४ च्या अणुभट्ट्या बल्गेरियाला २००६ संपता संपता बंद कराव्या लागल्या. शेजाऱ्यांना वीज विकणाऱ्या देशाला हा फटका मोठा होता. त्या मोडीत काढायला युरोपने पैसे दिले, पण गेलेली निर्यात त्यातून भरून निघणारी नव्हती.