आर्टेमिसिया जेंटिलेस्कीची यूदीथ हे सुडाचं चित्र आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. यूदीथ, सुसन्ना, बथशेबा या बायबलमधल्या स्त्रिया बरोक चित्रांत, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुमाराच्या युरोपीय चित्रांत, पुन्हा पुन्हा का येतात, आणि आर्टेमिसिया या इटालियन चित्रकर्तीने शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं उडवणारी यूदीथ रंगवून स्वतःवरच्या अत्याचाराचा सूड उगवला असं म्हणतात ते खरं का. मी चित्रकला शिकवते आणि हा दुसरा प्रश्न दरवर्षी वर्गात निघतोच. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ज्या घटनेवरून हे म्हटलं जातं, ती खरी आहे. १६११ मध्ये रोममध्ये आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. तो तिच्या वडिलांचा, ओराझिओंचा, सहकारी होता. पुढच्या वर्षी खटला चालला. साक्ष खरी आहे ना, हे पाहण्यासाठी दोऱ्या आवळल्या त्या तिच्याच बोटांना. चित्रकाराची बोटं होती ती! तिने जबानी बदलली नाही. तास्सी दोषी ठरला, पण शिक्षा जवळजवळ नावापुरतीच राहिली. यूदीथचं तिचं पहिलं मोठं चित्र, जे आज नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहे, ते त्याच सुमाराचं. त्यामुळे लोक दोन्हींची सांगड घालतात.

पण मग तिची ‘सुसन्ना’ कुठे बसवायची? त्या चित्रावर तिची सही आहे आणि साल आहे १६१०. म्हणजे अत्याचाराच्या आधीचं, वय उणंपुरं १७. गोष्ट अशी: सुसन्ना बागेत स्नान करत असताना दोन म्हातारे न्यायाधीश तिला गाठतात आणि ऐकलं नाहीस तर व्यभिचाराचा आळ घेऊ अशी धमकी देतात. हा विषय चित्रकारांचा आणि गिऱ्हाइकांचा फार आवडता, कारण धर्मग्रंथाच्या आडोशाने नग्न स्त्री रंगवता यायची. कारंजं, झाडं, आरसा, दागिने, आणि सुसन्ना अशी बसवलेली की चित्र बघणारा तिसरा म्हातारा व्हावा. आर्टेमिसियाने बागच काढून टाकली. थंडगार दगडी बाक, मागे दगडी कठडा, त्यावरून ओणवलेले दोघे. एकाचं बोट ओठांवर. सुसन्नाचं अंग कमरेत पिळवटलंय, दोन्ही हात त्यांना अडवायला वर गेलेत, चेहरा पार दुसरीकडे. ही नजर तिच्याकडे खटल्याच्या आधीपासून होती. तिची सगळी कला त्या एका खटल्यात कोंबली, की तास्सीला त्याच्या लायकीपेक्षा फार मोठी जागा मिळते, आणि मला ते सहन होत नाही.

अशी नजर पुरुषांकडे नव्हतीच असं मात्र नाही. रेम्ब्रांट या डच चित्रकाराची १६५४ मधली ‘बथशेबा’ पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ती दुसऱ्याची बायको असूनही दावीद राजाने तिला बोलावणं पाठवलंय आणि तिच्या हातात पत्र आहे. बायबलमध्ये तिला पत्र आल्याचा उल्लेखच नाही. दावीद माणसं पाठवतो. त्या कथेतलं पत्र पुढे येतं, तिच्या नवऱ्याला मारायची व्यवस्था करणारं, आणि ते तो नवरा, उरीया, स्वतःच घेऊन जातो. रेम्ब्रांटने तिच्या हातात पत्र दिलं आणि तिला विचार करायला एक क्षण दिला.

आता यूदीथ. तिचा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. म्हणून ६६ पुस्तकांच्या मराठी ‘पवित्र शास्त्रा’त ती सापडणार नाही. १५४६ मध्ये ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेने हा ग्रंथ पवित्रच आहे असं ठासून सांगितलं आणि यूदीथ ही रोमच्या चर्चसाठी शत्रूवर मात करणारी नायिका झाली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं सुसन्नाच्या बागेत.

होलोफर्नेस सेनापतीने बेथुलिया गावाला वेढा घातलाय. विधवा यूदीथ दासीला घेऊन त्याच्या छावणीत जाते, तो दारू पिऊन पडल्यावर त्याच्याच तलवारीने दोन घावांत मुंडकं उडवते. ते शिधा आणलेल्या पिशवीत घालून दोघी बाहेर पडतात. रोज रात्री प्रार्थनेला बाहेर जायचा परिपाठ तिने आधीच पाडलेला असतो, म्हणून पहारेकरी अडवत नाहीत. आणि ग्रंथात दासी त्या वेळी बाहेर उभी असते, हे लक्षात ठेवा.

काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने १५९९ च्या आसपास दासीला आत आणलं, पण कशी? म्हातारी, कडेला, कापड धरून वाट बघणारी. त्याची यूदीथ हात लांब ठेवून, अंग मागे घेऊन, कपाळाला आठ्या घालून कापते. आर्टेमिसियाची दासी तरुण आहे आणि होलोफर्नेसवर सगळा भार टाकून त्याला दाबून धरतेय. त्याची मूठ तिच्या हनुवटीपर्यंत आलीय, तरी ती हटत नाही. यूदीथने बाह्या सरसावल्यात, एका हाताने त्याचे केस मुठीत धरलेत. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात मी याच प्रसंगाचं तिचं १६२० च्या सुमाराचं दुसरं चित्र पाहिलं, तेव्हा रक्तापेक्षा आधी यूदीथचे ते दंड दिसले. चेहऱ्यावर संताप शोधला, सापडला नाही. अवघड काम नीट पार पाडताना भुवया जवळ येतात, तेवढंच. माझ्या मते हे दोघींनी वाटून घेतलेल्या कामाचं चित्र आहे. आणि ते तिच्या पोटापाण्याचंही काम होतं: १६३५ मध्ये गॅलिलिओला लिहिलेल्या पत्रात, फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातल्या ड्यूकला दिलेल्या यूदीथच्या चित्राचे पैसे त्याच्या मदतीमुळे मिळाल्याची आठवण ती काढते.

वेळ मिळाला तर डेट्रॉइटच्या संग्रहालयातली तिची यूदीथ नक्की शोधा. तिथे मुंडकं उडवून झालंय. दासी खाली वाकून ते गुंडाळतेय. तंबूत एकच मेणबत्ती. बाहेर कसलीतरी चाहूल लागलीय, दोघीही तिकडेच बघताहेत, आणि यूदीथने ज्योतीपुढे आडवा हात धरलाय. त्या हाताची सावली तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलीय.