‘आत काहीच हलत नाही’

“मॅडम, पोरगी गळ्यात पडते, तरी आत काहीच हलत नाही. मी दगड झालो का काय?” औसा तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला असे विचारले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आषाढात त्याचे वडील गेले. पाहुण्यांची उठबस, सोसायटीचे कर्ज, सातबाऱ्यावरील वारसनोंद हे सारे त्याने एकट्याने निभावले, आणि डोळ्यांतून टिपूसही न काढणारा हा मुलगा खंबीर आहे, असे गावाने कौतुकही केले.

अशी बधिरता आलेल्या अनेकांना आपली मायाच आटली, अशी भीती वाटते. वस्तुतः ताण सोसण्यापलीकडे गेला की मन दुःखाची धार बोथट करते; मात्र एकच भावना निवडून बंद करणे त्याला जमत नसल्यामुळे आनंद आणि जिव्हाळाही मंदावतात. नैराश्यात असे होते, तसेच नैराश्यावरील काही औषधांनीही होऊ शकते (ती मनानेच बंद करू नयेत). म्हणून झोप, भूक, जगणे नकोसे वाटते का, हे मी स्पष्ट विचारले, मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतली आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये साठवून दिला.

पहिल्या दोन भेटींत मी पुन्हा पुन्हा “काय वाटते?” असे विचारत राहिले, ही माझी चूक होती, ज्याला काहीच जाणवत नाही, त्याला तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. मग आम्ही शरीराकडे वळलो. पहाटे मोटार चालू करताना पाण्याचा गारवा, खांद्यांतील ताठरपणा, चहाचा पहिला घोट, यांतले जे जाणवेल ते एका ओळीत लिहायचे, एवढेच ठरले. आठवडाभर वहीत ‘काही नाही’ हेच होते.

वेळ अमावास्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतपूजेच्या सणाला, शेतात चर शिंपण्याचा मान यंदा त्याच्याकडे आला. ज्वारीच्या पिकात आंबील शिंपडताना बोटांना तिचा थंडगारपणा लागला आणि त्याचा गळा दाटला. पण पाठोपाठ आला तो राग. पैसे वाचवण्यासाठी वडिलांनी आजार अंगावर काढला होता आणि घरात कुणाला कळू दिले नव्हते. गेलेल्या माणसावर रागावणे त्याला पाप वाटत होते. मला मात्र तो राग ऐकून हायसे वाटले, कारण बधिरता ओसरताना आधी अश्रूच येतात असे नाही. पुष्कळदा चिडचिडच पुढे येते, आणि घरचे तिला घाबरून पुन्हा दाबायला सांगतात.

पुढच्या भेटीतही तो रडला नाही. वडिलांविषयी बराच वेळ चिडून बोलला. वहीतले बरेच दिवस अजून कोरेच होते. मुलीबद्दल विचारल्यावर त्याने एवढेच सांगितले, की शाळेच्या फाटकाशी तिचा हात आता लवकर सोडवत नाही.