कोच नाहीये, तरी सुरू कर, पण असं

तुझा मेसेज वाचला. तालुक्याला क्लब नाही, कोच नाही, घराची गच्ची आणि मोबाईल एवढ्यावर बॉक्सिंग जमेल का असं विचारलंस. जमेल, पण अर्धंच जमेल, आणि कुठलं अर्धं ते आधीच कळलेलं बरं. उभं राहायची पद्धत, पाय, जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, दमसास, हे सगळं एकट्याने नीट बसवता येतं. समोरच्याचा पंच ओळखणं, अंतराचा अंदाज, मार बसला तरी गोंधळून न जाणं, हे एकट्याने होत नाही, त्याला समोर माणूस आणि बाजूला कोच लागतोच.

पहिला महिना पंच मारायची बॅग टांगूच नकोस. मला माहितीये हात शिवशिवतायत, पण बॅग उलटून मारत नाही ना, त्यामुळे पंच मारल्यावर हात कमरेपर्यंत लोंबला तरी काही बिघडत नाही आणि मग तीच सवय अंगात मुरते. नंतर कोचकडे गेलास की ती मोडण्यात महिने जातात. म्हणून सुरुवात शॅडो बॉक्सिंगने, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत पंच मारून, आणि तेही हळू, अगदी हसू येईल इतकं हळू.

तू उजव्या हाताचा असशील तर डावा पाय पुढे, दोन्ही पाय एका रेषेत नकोत नाहीतर जरा धक्का लागला तरी तोल जाईल, मागची टाच किंचित वर, हनुवटी खाली, कोपरं बरगड्यांजवळ. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, डावीकडे डावा, उजवीकडे उजवा, आणि पाय एकमेकांवरून जाऊ द्यायचे नाहीत. पहिले आठ-दहा दिवस नुसतं एवढंच केलंस तरी चालेल, कंटाळा येईल, येऊ दे.

मग जॅब. आता नीट ऐक, सगळे पंच जाताना बघतात, तू तो परत येताना बघ. हात ज्या रेषेत गेला त्याच रेषेत गालाशी परत आला पाहिजे, खाली झोळ काढून नाही. मोबाईल समोर ठेवून स्लो मोशनमध्ये शूट कर आणि हात पूर्ण लांब झालेला असतो त्या क्षणी व्हिडिओ थांबव. डावा खांदा हनुवटीला टेकलाय का? आणि उजवा हात कुठेय? बहुतेकांचा तो छातीपाशी उतरलेला असतो आणि त्यांना पत्ताच नसतो. आरशापेक्षा व्हिडिओ बरा कारण आरशात बघायला मान वर करावी लागते आणि हनुवटी उघडी पडते.

गच्चीवर खांद्याच्या उंचीला एक दोरी बांध आणि तिच्याखालून या बाजूने त्या बाजूला जात पुढे सरक. वाकायचं गुडघ्यांतून, कमरेतून नाही, नजर समोरच. टायमर 3 मिनिटं आणि 1 मिनिट विश्रांती असा लाव, बाउटमध्ये, म्हणजे खऱ्या लढतीत, राउंड तसाच असतो. दोरीच्या उड्या बूट घालूनच, सिमेंटवर अनवाणी मारल्यास तर नडग्या धरतात.

बॅग घरी बनवणार असशील तर पोत्यात नुसती वाळू भरू नकोस. ती खाली बसत जाते आणि तळ दगड होतो. जुने कपडे दाबून भर. हॅन्डरॅप, म्हणजे हाताला गुंडाळायची कापडी पट्टी, बांधल्याशिवाय हात लावायचा नाही, साडेचार मीटरचा घे, मनगट आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठी दोन्ही झाकले जातात. पंच पहिल्या दोन, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या, गाठींवर बसला पाहिजे, करंगळीकडे बसला तर तिथलं हाड मोडतं, हे इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात.

व्हिडिओ बघतोस ना, मग युक्रेनचा बॉक्सर लोमाचेन्को, त्याचे पाय बघ. 2008 आणि 2012 ला ऑलिम्पिक गोल्ड, लहानपणी वडिलांनी त्याला नाचाच्या क्लासला घातलं होतं. फक्त तो साउथपॉ आहे, उजवा पाय पुढे, त्यामुळे जसंच्या तसं उचललंस तर घोळ होईल.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही, मित्राला ग्लोव्ह्ज घालून अंगणात स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. हेडगार्ड आहे म्हणून चालेल असं वाटेल, पण हेडगार्डने चेहऱ्यावरची जखम टळते, आत मेंदूला बसणारा हादरा थांबतोच असं नाही. कधी डोक्याला लागलं आणि डोकं दुखलं, गरगरलं, उलटी झाली तर सराव बंद आणि थेट डॉक्टर, घरच्यांपासून लपवायचं नाही. याबाबतीत मी तुझं काही ऐकणार नाहीये.

तीन-चार महिने हे केलंस की जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन ये, जिल्ह्यात बॉक्सिंग कोण शिकवतं ते तिथे विचार. महिन्यातून दोन रविवार एसटीने गेलास तरी खूप फरक पडेल. नागपूरची अल्फिया पठाण 2021 ला पोलंडमध्ये युथ वर्ल्ड चॅम्पियन झाली, म्हणजे आपल्याकडे शिकवणारे आहेत, फक्त शोधावे लागतात.

तोवर तुझा एका राउंडचा व्हिडिओ मला पाठव. मोबाईल कमरेच्या उंचीला ठेव, जरा तिरका, आणि पाय फ्रेममध्ये आले पाहिजेत, नुसते हात दिसून मला काही सांगता येणार नाही.